बेचाळीस घरं आणि एक मुकादम

वस्तीत घरं त्रेचाळीस. त्यातल्या बेचाळीस घरांत सरकारचा बल्ब लागला आणि त्रेचाळिसाव्या घराच्या उंबऱ्यावर मुकादम मांडी ठोकून बसली. नाही म्हणजे नाही!

मुकादम म्हणजे कुठल्या कामावरची मुकादम नव्हे बरं का. ती आपली टोपल्या विणणारी बाई. वय पासष्टीच्या पुढे, अंगाने काटकुळी. पण स्वभाव असा, की बसल्या जागेवरून चार माणसांना कामाला लावल्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडायचं नाही. पाणी घेऊन जाणाऱ्या बाईला ती दारातून ओरडायची, "घागर सरळ धर गं, अर्धं पाणी रस्त्याला पाजतेस!" गवंड्याला भिंत बांधायला शिकवायची, सुईणीला बाळंतपण. एकदा तो गवंडी वैतागून म्हणाला, "तुम्ही काय मुकादम आहात का?" ती शांतपणे म्हणाली, "हो. कामाला लाग." तेव्हापासून ती अख्ख्या वस्तीची मुकादम झाली. खरं नाव उरलं ते सरकारी कागदावर. घराच्या कागदावरही तेच नाव, कारण घर तिच्या मालकीचं. पुढचा सगळा घोळ झाला तो यामुळेच.

घर म्हणजे तरी काय, दोन खोल्या. पुढच्या खोलीत बांबू, कामट्या, अर्धवट विणलेल्या टोपल्या आणि मुकादमची बसायची चटई. मागच्या खोलीत चूल, भांडी आणि हातरुमालाएवढी खिडकी. माणसं तीन. मुलगा वीटभट्टीवर गाडीत विटा भरायचा. उजाडायच्या आत जायचा, अंधार पडल्यावर यायचा आणि सुट्टीच्या दिवशी तोंडावर पांघरूण घेऊन झोपायचा. म्हणजे आईची आणि त्याची भेट वर्षानुवर्षं अंधारातच होत होती. सून सासूच्या शेजारी बसून विणायची आणि बाजारच्या दिवशी टोपल्या विकून यायची. दोघींचं दिवसभर भांड्याला भांडं लागायचं, पण एक जेवल्याशिवाय दुसरीच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकू, म्हणजे पुढे कुणाला कोडं नको. मुकादमला दिसत नव्हतं.

कमी दिसत होतं असं नाही, दिसतच नव्हतं. ऊन आणि सावली यांतला फरक तेवढा कळायचा, तोही अंगाला लागणाऱ्या उबेवरून, बाकी सगळा कारभार कानांवर आणि हातांवर. सात वर्षांपूर्वी तिला दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली. मग बाजूला बसलेली माणसं दिसेनाशी झाली. शहरात टोपल्या पोचवायला गेली तेव्हा कुणाला न सांगता ती दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टर म्हणाला, "आजी, डोळ्याची नस वाळत चाललीय. गेलं ते परत येत नाही. उरलंय ते टिकवायला थेंब देतो." थेंब संपले आणि त्यांच्या पाठोपाठ उरलेलंही संपलं. मुकादम कुणाला एका शब्दाने बोलली नाही.

का नाही बोलली? तर म्हाताऱ्या सुतारामुळे. गल्लीच्या टोकाला एक सुतार राहायचा. त्याचे डोळे गेले तशी त्याच्या मुलांनी, चांगली हो मुलं, अगदी मायेने त्याच्या हातातली पटाशी काढून घेतली. "बाबा, आता तुम्ही आराम करा." खाटेवर बसवलं, वेळेवर जेवू घातलं, रात्री पांघरूण घातलं. आठ महिन्यांत म्हातारा गेला. लोक म्हणाले आजाराने गेला. मुकादमचं ठाम मत, तो आरामाने गेला. आपल्याला दिसत नाही हे कळलं, की आपल्या हातातली बांबू चिरायची सुरीसुद्धा अशीच मायेने जाणार, आणि मग आपणही त्या खाटेवर, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची.

झाकायला फार कष्टही पडत नव्हते म्हणा. दिवसा ती दारातली आपली जागा सोडायची नाही. कोण आलं, कोण गेलं ते पावलांवरून ओळखायची आणि त्याच्या आधीच बोलायला सुरुवात करायची, म्हणजे समोरचा गडबडून जायचा. आणि संध्याकाळ झाली की मग काय, तिचंच राज्य! घरात दिवा एकच, रॉकेलची चिमणी, आणि ती सुनेच्या विणकामाशेजारी. बाकी घर काळंकुट्ट. मुलगा भट्टीवरून आला की आधी बांबूला अडखळायचा, मग बांबूला शिव्या द्यायचा, मग हाका मारायचा.

"आई, टॉवेल कुठंय?"

"उजव्या हाताला खुंटी, खुंटीला टॉवेल."

"आणि काडेपेटी?"

"फळीवर, डाव्या टोकाला. डोळे आहेत का शर्टाची बटणं?"

"आमच्या आईला अंधारात मांजरासारखं दिसतं," असं मुलगा भट्टीवर छाती फुगवून सांगायचा. ते मुकादमच्या कानावर आलं तेव्हा ती दोन दिवस कुणावर ओरडली नव्हती, इतकी खूश झाली होती.

अशा सुखाच्या संसारात सरकारने उजेड पाडायचं ठरवलं. गरिबांच्या घराघरांत वीज न्यायची, घरटी एक मीटर, एक बटण, एक बल्ब, पैसा एक घ्यायचा नाही. खांब आले, तारा आल्या, आणि त्यांच्या मागून एक तरुण साहेब आला. साहेबाचे बूट नवे होते आणि चालताना कुईकुई करायचे, त्यामुळे मुकादमला तो फार सोयीचा वाटला. त्याच्या जीपमध्ये एक पत्र्याची पाटी होती. तिच्यावर आधीच रंगवून ठेवलं होतं, "ही वस्ती शंभर टक्के प्रकाशमान." रस्त्याला खड्डे होते, त्यामुळे साहेबाच्या आधी पाटीचा खडखडाट यायचा.

नियम असा होता, की घर ज्याच्या नावावर त्याने अंगठा द्यायचा, त्यानेच बटण दाबायचं आणि पेटलेल्या बल्बखाली उभं राहून फोटो काढून घ्यायचा. फोटो नाही तर ते घर मोजणीत धरत नसत. मुकादमने हे ऐकलं आणि हातातली टोपली बाजूला ठेवली. भर उजेडात उभं राहायचं, डोळे उघडे ठेवून, आणि घरचे, शेजारचे, सगळे टकमका बघत असणार! चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर शंभर टक्के प्रकाश पडणार होता.

साहेब पहिल्यांदा आला तेव्हा ती म्हणाली, "विजेने बांबू वाळतो. टोपल्या तडकतात."

साहेबाने बिचाऱ्याने वहीत लिहून घेतलं आणि वर विचारलं. वरून उत्तर आलं, असं काही नसतं.

दुसऱ्यांदा आला तेव्हा ती म्हणाली, "उजेडाला पाली येतात."

"आजी, पाली किडे खातात. चांगलंच की."

"आणि पाली कोण खाणार? तुम्ही?"

तिसऱ्यांदा साहेब जवळजवळ रडकुंडीला आला होता. "आजी, वस्तीचं सत्त्याण्णव पूर्णांक सदुसष्ट टक्के काम झालंय. वरचे रोज विचारतात, राहिलेलं कुठं अडकलंय? काय सांगू त्यांना? उंबऱ्यावर बसलंय म्हणून सांगू?"

"सांगा. मी काय पळून चाललेय?"

"पण अडचण काय आहे ते तरी कळू द्या!"

"अडचण ही," मुकादमने आत बोट दाखवलं. "सुनेचं तोंड आजवर अंधारात बघितलं म्हणून आमचा संसार टिकलाय."

"आई, मी ऐकतेय हं!" आतून आवाज आला.

"मग? भिंतीला सांगतेय होय मी?"

साहेब कुईकुई करत निघून गेला आणि पाटी खडखडत त्याच्या मागे गेली. मुकादम जिंकली. आणखी वर्षभरही ती जिंकत राहिली असती, पण त्याच आठवड्यात एका संध्याकाळी घात झाला.

दोघी विणत बसल्या होत्या. सुनेचा हात मधूनमधून थांबत होता, हे मुकादमला कामटीच्या आवाजावरून कळत होतं.

"का गं, थांबतेस का सारखी?"

"काही नाही आई. डोळे चुरचुरतात. चिमणी जवळ घेतली तर धूर जातो, लांब ठेवली तर दिसत नाही." मग ती सहज म्हणाली, "आणि हल्ली ना, ज्योतीभोवती कडी दिसतात. रंगीत."

मुकादमच्या हातातून कामटी गळून पडली. तिचंही सगळं असंच सुरू झालं होतं. अशीच चिमणी, असंच गुडघ्यात मान घालून विणणं, आणि ज्योतीभोवती कडी. ती घाबरली, आणि घाबरली की ती नेहमी करायची तेच तिने केलं. ती ओरडली.

"उद्याच्या उद्या दवाखान्यात जा! टोपल्या गेल्या चुलीत! आणि तो कुईकुई साहेब कुठं उलथलाय? त्याला म्हणावं ये, लाव तुझा बल्ब!"

सून दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टर म्हणाला, धुराने डोळे सुजलेत, नस शाबूत आहे, चिमणीजवळ बसणं तेवढं बंद करा. मुकादमचा जीव भांड्यात पडला. पण शब्द तोंडातून गेला होता आणि तो मागे घ्यायची तिची इच्छाही नव्हती. आपली सुरी जाईल तर जाईल, पण या पोरीचे डोळे जाता कामा नयेत, असं तिने मनाशी ठरवलं. आणि मग लगेच दुसरंही ठरवलं, की सुरीसुद्धा जाता कामा नये. मुकादमच ती!

दोन दिवसांनी वायरमन आला. पन्नाशीचा, खांद्यावर शिडी, कमरेला पक्कड, तोंडाला विश्रांती नाही. सून बाजारात गेली होती, मुलगा भट्टीवर. मुकादमने त्याला मागची खोली दाखवायला नेलं. वायरमन बॅटरी पेटवूनसुद्धा दोन बांबूंना अडखळला. मुकादम तुरुतुरु पुढे गेली, एक हात भिंतीशी धरून, तळवा आत आणि बोटांची पाठ भिंतीला.

वायरमनची बडबड थांबली.

"मावशी, उलटा हात कुणी शिकवला तुम्हाला?"

"कसला उलटा हात?"

"आमच्यात जुने लोक करायचे. तारेत करंट आहे की नाही ठाऊक नसलं, की उलटा हात लावायचा. करंट असला तर हात झटकून मागं येतो. सुलटा लावला तर मूठ आवळते आणि माणूस चिकटतो." तो पुढे म्हणाला, "पुढं काय आहे ते ज्याला कळत नाही, तोच उलटा हात पुढं करतो मावशी."

मुकादमने भिंतीवरचा हात काढून पदराखाली घेतला. मग ती म्हणाली, "बाहेर बोललास तर सुरीने नाक कापीन."

"बोलतोय कशाला? पण फोटोचं काय करणार?"

"ते तू सांग. तुझा बल्ब, तुझं बटण."

वायरमनने डोकं खाजवलं. मग त्याने बल्ब पुढच्या खोलीत, दोघींच्या चटईवर बरोबर मधोमध घेतला, आणि बटण दारापासून चार वितींवर, मुकादमच्या खांद्याच्या उंचीला बसवलं. तिच्याकडून दहादा दाबून घेतलं. "हे बघा, खट् वाजलं की उजेड पडलाच समजा. तुम्ही मान जराशी वर करायची, हसायचं आणि म्हणायचं, वा! एवढंच. आणि घाई करू नका. बाकीचे ओरडले की मग ओरडा."

"मी आजवर कुणाच्या मागून ओरडलेय?"

"एवढं ऐका माझं."

"आणि नाहीच लागला तर तुझा बल्ब?"

वायरमनला हे लागलं. "वीस वर्षं झाली मावशी. माझ्या हातचा बल्ब पहिल्या खट्‌ला लागला नाही, असं एक घर दाखवा."

नुसत्या "वा"वर भागवणाऱ्यांतली मुकादम नव्हती. दोन दिवस ती घरात कुणी नसताना भिंतीपुढे उभी राहून तयारी करत होती. दिसणारा माणूस पहिल्यांदा उजेड बघून काय काय बोलेल, ते सगळं तिने जुळवून ठेवलं. असं झणझणीत बोलायचं, की पुन्हा जन्मात कुणाला शंका यायला नको.

ठरलेल्या दिवशी संध्याकाळी साहेब आला. मुलगा भट्टीवरून लवकर आला होता. शेजारीपाजारी दाराबाहेर जमले. साहेब इतका खुशीत होता, की त्याने जीपच्या ड्रायव्हरला बाहेरच सांगून टाकलं, "पाटी घे आणि खांबाला बांधून टाक." मग तो आत आला, मुकादमला बल्बखाली, बटणाला हात पोचेल असं उभं केलं आणि दार लावून घेतलं. मागे एका घरचा फोटो वरून परत आला होता, उजेडात बल्ब पेटलेला दिसत नाही म्हणून. या वेळी त्याला धोका पत्करायचा नव्हता. चिमणीसुद्धा विझवली. घरात मिट्ट काळोख झाला. आत माणसं पाच: मुकादम, मुलगा, सून, वायरमन आणि मोबाईल उगारून उभा असलेला साहेब.

"तयार आजी? एक, दोन, तीन!"

खट्.

"अगं बाई बाई बाई!" मुकादम कडाडली. "काय हा लखलखाट! डोळे दिपले माझे! दिवसासुद्धा एवढा उजेड नसतो हो! आणि तू गं, हा रंग कधी घेतलास अंगावर? छान दिसतो तुला! अरे, आणि तू किती वाळलास रे! अंधारात कळलंच नाही मला. आणि ते बघा, त्या कोपऱ्यात किती जाळी! उद्या सकाळी आधी ती काढा! साहेब, तुम्ही तर फारच लहान दिसता. लग्न झालंय का तुमचं?"

कुणीच काही बोलेना.

मुकादम थांबली. कुणी हसलं नव्हतं, कुणी ओरडलं नव्हतं, टाळी वाजली नव्हती. बाहेर शेजारी कुजबुजत होते. आणि मग तिला जाणवलं की डोक्यावर काहीच नाही. ऊब नाही, काही नाही. बल्ब लागलेलाच नव्हता. ठार काळोखात उभं राहून ती उजेडाचं कौतुक करत होती, आणि सगळ्यांनी ते ऐकलं होतं.

"आई," मुलाचा आवाज आला, घाबरलेला. "अगं आई, लाईट तर..."

"हो ना आई!" सून मध्येच ओरडली, जरा जास्तच मोठ्याने. "काय लखलखाट होता! माझ्यासुद्धा डोळ्यांपुढं अजून काजवे चमकताहेत!"

मग वायरमन खाकरला. "होतं असं. झपकन येते, झपकन जाते. पहिली वीज जरा लाजरी असते."

"पण मला नाही दिसली!" साहेब म्हणाला.

"तुम्ही मोबाईलात बघत होता साहेब," सून म्हणाली. "मोबाईलात बघणाऱ्याला काय दिसणार?"

साहेब विचारात पडला. सासूने बघितली, सुनेने बघितली, वायरमनने बघितली. सरकारी माणूस तो, तिघांची साक्ष कशी नाकारणार? तेवढ्यात वायरमन दार उघडून खांबाकडे धावला आणि तिथून त्याचा आरडाओरडा ऐकू आला. ड्रायव्हरने पाटी बांधताना तार अशी हिसकली होती, की घराचा फ्यूजच निखळून पाटीमागे लोंबत होता. वस्तीत त्या संध्याकाळी घाई काही एकट्या मुकादमनेच केली नव्हती.

दोन मिनिटांनी लाईट आली. या वेळी सगळे ओरडले. मुकादमची मान मात्र खाली होती. सुनेने तिचा खांदा धरून तिला सरळ उभं केलं, हनुवटी जराशी वर केली आणि कानाशी म्हणाली, "हसा." मुकादम हसली. साहेबाने फोटो काढला, शंभर टक्के झाले, तो सगळ्यांचे हात हातात घेऊन कुईकुई करत निघून गेला. वायरमन जाताना म्हणाला, "मावशी, तो फ्यूज माझा नव्हता हं. त्या ड्रायव्हरचा घोळ. बल्ब माझा." शेजारी पांगले. घरात तिघं उरली, आणि डोक्यावर तो बल्ब.

मुलगा आईपुढे येऊन बसला.

"आई, माझी किती बोटं आहेत सांग."

"आईला बोटं दाखवतोस? लाज नाही वाटत?"

"किती आहेत?"

"कुणास ठाऊक," ती म्हणाली.

मुलगा रडायला लागला. भट्टीवरचा धिप्पाड माणूस, आणि लहान पोरासारखा हुंदके देत होता. कधीपासून, का नाही सांगितलंस, आणि मी गाढव सगळ्यांना सांगत सुटलो मांजरासारखं दिसतं म्हणून. मुकादम त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिने सुनेच्या दिशेने मान वळवली.

"आणि तुला कधी कळलं?"

"झाली की सहा वर्षं. एकदा तांब्या मी घासून कोपऱ्यात पालथा ठेवला होता. तुम्ही माठावर हात फिरवलात, तांब्या नाही, तर मलाच ओरडलात, कुणाला उसना दिलास म्हणून. तांब्या तुमच्या पायाशी होता, आई. त्या दिवसापासून मी घरातली एक वस्तू इकडची तिकडे केली नाही."

"म्हणजे टॉवेल खुंटीला..."

"हे टॉवेल चटईवर फेकतात. रोज मी लावते."

सहा वर्षांचं राज्य, आणि ते चाललं होतं कुणाच्या जिवावर! मुकादमला हसावं की रडावं ते कळेना. तिने रागवायचा एक प्रयत्न करून बघितला. "मग बोलली का नाहीस, अवदसे?"

"तुम्हाला नको होतं म्हणून."

मुलाने तोवर डोळे पुसले होते. तो उठला, चटईच्या उजव्या बाजूला पडलेली सुरी त्याने उचलली आणि कापडात गुंडाळली. "ही मी वर ठेवतो आई. आजपासून हिला हात लावायचा नाही. खूप केलंस. आता तू आराम कर."

अगदी मायेने बोलला बिचारा. मुकादमचे हात रिकामे मांडीवर पडले होते. ती इतकी भ्यायली होती की तिला सुनेला हाकसुद्धा मारता येईना.

"द्या ती इकडे," सून म्हणाली.

"अगं, तिला दिसत नाही!"

"सहा वर्षं दिसत नाही. सहा वर्षांत त्यांच्या बोटाला एक ओरखडा आलेला दाखवा. तुम्ही मागच्या सुट्टीला एक बांबू चिरलात आणि तीन बोटांना चिंध्या बांधून बसलात. द्या म्हणते ना!"

तिने सुरी घेतली, कापड सोडलं आणि मूठ मुकादमच्या तळहातावर ठेवली. मग अर्धी विणलेली टोपली ओढली आणि तिच्यासमोर मांडी घालून बसली, बल्बच्या बरोबर खाली.

"कामट्या दिवसभर भिजवायच्या आणि काठ बांधायचा संध्याकाळी. आणि संध्याकाळी तुम्ही बसता अंधारात, मी चिमणीशी. तुमचे हात काय करतात ते मला कधी दिसलंच नाही, आई. माझ्या टोपलीचा काठ सहा महिन्यांत सुटतो. बाजारात लोक तोंडावर विचारतात, ही म्हातारीच्या हातची आहे का, नसली तर नको. मी काय बल्ब लावला म्हणून तुम्हाला खाटेवर बसू देईन? मला शिकायचंय."

मुकादमच्या डोळ्यांना दिसत नव्हतं, पण पाणी काय, त्यांना चांगलं येत होतं. ते तिने मनगटाने पुसलं, नाक ओढलं, आणि तिचा आवाज परत आला.

"रडत काय बसलायस तिथं? टोपली धर घट्ट. वीट नाही ती, फेकशील!"

मुलाने मुकाट्याने टोपली धरली. मुकादमने ओली कामटी चाचपून घेतली, सुरीने तिचं टोक सोललं आणि काठाभोवती पहिला वेढा घातला. तिचा हात नेहमीच्या सवयीने झरझर पुढे गेला.

"थांबा आई. सावकाश. तो पेच पुन्हा दाखवा."

मुकादमने वेढा उलगडला. बोटं जरा दूर केली, म्हणजे मधे सावली यायला नको, आणि पुन्हा, अगदी हळू, घातला.

"दिसतंय का नीट तुला?" तिने विचारलं.

"दिसतंय, आई."